संत झालेला गायक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून ताडोब्याकडे निघालं की रामदेगीचा डोंगर लागतो. आता या रस्त्यावर पहाटेच जिप्सींची वर्दळ सुरू होते. कोलारा आणि नवेगावच्या गेटांवर नागपूर-मुंबईचे पर्यटक अंधारातच येऊन थांबतात, आणि डोंगर ओळखला जातो तो तिथे दिसणाऱ्या वाघांमुळे. पायथ्याच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र रामदेगीची ओळख वेगळी आहे. तिथलं रामाचं देऊळ, पावसाळ्यात वाहणारा झरा, त्याच डोंगरातल्या संघारामगिरीवर जमणारे बौद्ध उपासक आणि शंभरेक वर्षांपूर्वी हातात खंजेरी घेऊन या रानात राहिलेला एक मुलगा. चिमूर तालुक्यातच गोंदेड्याची गुंफा आहे. तीही त्याच मुलाच्या नावाने ओळखली जाते, आणि दर वर्षी थंडीत तिथे यात्रा भरते.

तो मुलगा म्हणजे माणिक बंडोजी इंगळे, पुढचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. चौकातले पुतळे, विद्यापीठाच्या नावाची कमान आणि पाठ्यपुस्तकातला धडा यांतून ते आपल्याला ठाऊक असतात. ग्रामगीतेचे कर्ते, ग्रामसुधारक, स्वातंत्र्यसैनिक अशी विशेषणं त्यांच्या नावामागे ओळीने येतात. या यादीत सहसा न येणारं विशेषण एकच, आणि ते म्हणजे गायक. खरं तर बाकीची सगळी विशेषणं त्या एका गोष्टीतून उगवली. लोक त्यांच्याकडे आधी गाणं ऐकायला आले. उपदेश त्यांनी नंतर ऐकला, आणि तोही गाण्यातूनच.

यावली ते रामदेगी

जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. वडील बंडोजी शिवणकाम करत, आईचं नाव मंजुळा. घरात दारिद्र्य होतं. शाळा तिसरी-चौथीच्या पुढे सरकली नाही. आईबरोबर वरखेडला राहत असताना तिथल्या आडकोजी महाराजांची गाठ पडली. पोरगा त्यांच्यापुढे बसून तुकारामाचे अभंग म्हणायचा. शेवटच्या ओळीतल्या तुकोबाच्या नावाशी तो आला की आडकोजी त्याला अडवायचे आणि स्वतःचं नाव घालायला सांगायचे. त्यातूनच ‘तुकड्या’ हे नाव पडलं, असं भक्तमंडळी सांगतात. यात दंतकथेचा भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. गुरूने शिष्याला दिलेला हा संगीताचाच धडा होता. दुसऱ्याचं गाणं पाठ म्हणणाऱ्या पोराला त्यांनी स्वतःचं गाणं बांधायला सांगितलं होतं. पुढे त्यांच्या बहुतेक भजनांच्या शेवटी हीच नाममुद्रा आली.

१९२१ मध्ये आडकोजी गेले. वय बारा. त्यानंतरची काही वर्षं माणिक रानावनात फिरला. रामटेक, सालबर्डी, रामदेगी, गोंदेडा ही त्या भटकंतीतली ठळक ठिकाणं. चरित्रकार या काळाला साधनाकाळ म्हणतात आणि ध्यान, योग, साक्षात्कार यांच्याबद्दल लिहितात. गायकाच्या अंगाने पाहिलं तर दुसरंही काही दिसतं. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली, जिल्ह्याचं हे रान गाण्याच्या बाबतीत कधीच मुकं नव्हतं. गोंडांच्या वस्त्यांत रात्ररात्र रेला चालायचा, राजुऱ्याकडच्या डोंगरांत कोलाम-गोंडांचा धेमसा, धानाच्या पट्ट्यात दंडार आणि खडी गंमत. मोकळ्यावर, अंधारात, वाद्यांच्या गलक्यात आणि शेदोनशे माणसांपुढे गायचं म्हणजे आवाज छातीतून यावा लागतो, बोल कानाला चटकन पकडता यावे लागतात, आणि ध्रुवपद असं हवं की दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याने ते म्हणायला लागावं. तुकडोजींच्या गाण्यात पुढे हे सारं दिसतं. १९२५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी ‘आनंदामृत’ लिहिलं. त्यानंतर मराठी आणि हिंदीत हजारो भजनं झाली.

वाद्य

एकतारी, मृदंग, टाळ आणि पेटी असा भजनाचा थाट सर्वांच्या ओळखीचा. तुकडोजींनी या सगळ्यांतून पुढे आणली ती खंजेरी. लाकडाचं वीतभर रुंदीचं कडं, एका तोंडावर ताणलेलं कातडं, कड्याला पाडलेल्या खाचांत खिळ्यांवर सैल बसवलेल्या पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी आणि तळव्याने वाजवायची. धरलेल्या हाताची बोटं आतून कातड्यावर दाबली की आवाजाची उंची बदलते, मनगट हलवलं की चकत्या झणझणतात. ताल आणि झांज दोन्ही एकाच माणसाच्या हातात. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग गायकाने शेकोटीजवळ किंवा चुलीपुढे खंजेरी धरून तिला धग द्यायची, बोटाने टिचकी मारून बघायची आणि पुन्हा धरायची. गावच्या भजनी मंडळात आजही हे चालतं.

हे वाद्य गरिबाचं आहे. ते खांद्यावरच्या झोळीत मावतं, बैलगाडीत ठेवता येतं, तुरुंगाच्या दारापर्यंत नेता येतं. पेटीवाला आला नाही तरी कार्यक्रम अडत नाही. गायक एकटा उभा राहून गाऊ शकतो आणि गाताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघू शकतो. तुकडोजी पहिली ओळ टाकत, मागचे झील धरत, आणि काही कडव्यांनंतर समोरचा सगळा जमावच झीलकरी होई.

कापसाच्या दोन मुलखांत

इथे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या ब्लूज गायकांची आठवण येते. हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली त्यामागे हाही कापूस होता. युद्ध संपलं, भाव पडला, आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. तिकडे गुलामीतून सुटलेला काळा शेतमजूर त्याच पिकाच्या कर्जात मळेवाल्याकडे बांधला गेला. कापसाच्या या दोन्ही मुलखांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेकटे गाणारे निघाले, एका वाद्यावर, गावोगाव फिरत.

रॉबर्ट जॉन्सन हा मिसिसिपीचा दंतकथा झालेला गायक १९११ चा, म्हणजे तुकडोजींपेक्षा दोन वर्षांनी लहान. सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. सन हाऊस आधी चर्चमध्ये प्रवचन करायचा, मग ब्लूज गायला लागला, आणि दोन्हींची ओढाताण त्याच्या गाण्यात कायम राहिली. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ पुन्हा म्हणतात आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. आपल्या भजनातही ओळ दोनदा येते, पण दुसऱ्यांदा ती मंडळी म्हणतात.

फरक इथेच आहे, आणि तो मोठा आहे. ब्लूज गाणारा आपलं दुःख ‘मी’ म्हणून गातो. घर सुटलं, बाई सोडून गेली, मालकाने पैसे बुडवले. ऐकणारा त्यात स्वतःला पाहतो, पण गाणं एकट्याचंच राहतं. तुकडोजी दुःख गातात ते गावाचं. कर्ज काढून केलेलं लग्न, दारूत बुडालेलं घर, शिवाशिव, देवाच्या नावाने होणारी लूट, वेठबिगार. आणि गाणं दुःखापाशी थांबत नाही. शेवटच्या कडव्यात ते ऐकणाऱ्याला कामाला लावतं. विरंगुळा हवा म्हणून आलेल्या माणसाला ते घरी जाताना झाडू हातात घ्यायला सांगतं. याच गुणामुळे हे गाणं प्रभावी ठरलं. याच गुणामुळे काही ठिकाणी ते कोरडंही झालं, कारण उपदेशाचं ओझं वाढलं की चाल दबते. त्यांची सगळी भजनं सारखी उतरली आहेत असं म्हणणं ही भक्ती झाली. जिथे रानातला एकटेपणा आणि देवाला घातलेली हाक शब्दांत उतरते, तिथे त्यांच्यातला कवी सगळ्यांत मोठा दिसतो.

लाखो माणसं आणि एक आवाज

१९३५ मध्ये सालबर्डीला मोठा यज्ञ झाला आणि लाखोंचा जमाव लोटला. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या एका गायकाच्या नावावर एवढी गर्दी जमणं ही तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात साधी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि तुकडोजी तिथे जवळपास महिनाभर होते. गांधीजींचं मौन असताना भजन चाललं होतं आणि भान हरपून त्यांनी आणखी एक गा म्हणून मौन मोडलं, ही आठवण विदर्भात आजही आवडीने सांगतात.

आश्रमाच्या प्रार्थनेत मिळालेली सामूहिकता आणि रानात तयार झालेला आवाज एकत्र आले आणि त्यातून गुरुदेव सेवा मंडळांचं जाळं तयार झालं. गावोगाव मंडळाची शाखा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मग भजन, मग ग्रामसफाई नाहीतर व्यसनमुक्तीची बैठक. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कित्येक गावांत प्रार्थनेचा ओटा किंवा मंदिर आजही दिसतं. भगवी टोपी घातलेले चार म्हातारे, दोन शाळकरी पोरं, एक पेटी आणि दोन खंजेऱ्या. एवढ्यावर रोजची प्रार्थना होते. कॅसेट, रेडिओ, ग्रामोफोन यांतलं काही घरात नसलेल्या माणसांपर्यंत हजारो गाणी पोचवणारी ही व्यवस्था होती. ब्लूज पसरला तो ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांमुळे. तुकडोजींचं गाणं पसरलं ते छापील भजनावलीमुळे आणि मंडळांमुळे.

नागपंचमी, १९४२

१९४२ च्या जुलैत ॲलन लोमॅक्स नावाचा संग्राहक अमेरिकी सरकारच्या ग्रंथालयासाठी मिसिसिपीत सन हाऊसचा आवाज यंत्रावर टिपत होता. पुढच्याच महिन्यात चिमूरमध्ये जे झालं ते टिपायला यंत्र नव्हतं.

‘चले जाव’ची हाक चिमूरला पोचली तेव्हा तुकडोजींच्या भजनांनी हा भाग आधीच पेटलेला होता. रानातली झाडंझुडपं आणि दगडधोंडेच आता हत्यारं होतील, अशा अर्थाची त्यांची भजनं लोकांच्या तोंडी होती. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. जमाव खवळला, आणि उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध हे सरकारी अंमलदार त्यात मारले गेले. तीन दिवसांनी गोरे सैनिक चिमुरात आले. त्यानंतर घराघरांत जे अत्याचार झाले, विशेषतः बायकांवर, त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. जयकृष्ण भणसाळींनी ६३ दिवसांचं उपोषण केलं. ज्यांना फाशीच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे झगडल्या, देशभर आवाज उठला.

२८ ऑगस्टला चंद्रपुरात तुकडोजींना अटक झाली. नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं, डिसेंबरात सोडलं. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, ते कोणत्या पक्षाचे पुढारी नव्हते. सरकारला धास्ती होती ती त्यांच्या गाण्याची. या प्रदेशात एखाद्या गायकाच्या प्रभावाचा यापेक्षा मोठा पुरावा सापडणार नाही, आणि तो खुद्द सरकारने दिला आहे.

दिल्ली, जपान आणि पुन्हा गाव

स्वातंत्र्यानंतर मोठेपणा वेगाने आला. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांचा ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरव केला. १९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले आणि तिथेही खंजेरी वाजली. त्याच वर्षी ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ आली. १९५६ मध्ये ते भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेच्या वेळीही ते होते. गांधीजी, विनोबांचं भूदान, साधू समाज आणि परिषद अशा वेगवेगळ्या मांडवांत ते उभे दिसतात, म्हणून प्रत्येक विचाराची माणसं त्यांना आपलं म्हणतात आणि आपल्याला हवा तेवढाच तुकडा उचलतात. गायक म्हणून पाहिलं तर या सगळ्यांत एक सूत्र दिसतं. जिथे माणसं जमतात तिथे ते गात. चीनच्या आणि पाकिस्तानच्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जवानांपुढे गायला गेले, १९६७ च्या कोयना भूकंपानंतर तिथे गेले. ११ ऑक्टोबर १९६८ ला, साठी गाठण्याआधीच, कर्करोगाने मोझरीला ते गेले. दर वर्षी अश्विन वद्य पंचमीला, त्यांच्या निधनाच्या वेळेला, म्हणजे ४ वाजून ५८ मिनिटांनी, मोझरीत लाखो माणसं उभी राहून मौन पाळतात.

आज ते गाणं कुठे आहे

चंद्रपूर-गडचिरोलीत ते अजून मेलेलं नाही. हिवाळ्यात गावोगाव खंजेरी भजन स्पर्धा होतात. महिलांची मंडळं वाढली आहेत, आणि खंजेरी धरणाऱ्या बाईकडे वळून बघण्याचे दिवस सरले. अकोल्याकडच्या सत्यपाल महाराजांनी एकाऐवजी सात खंजेऱ्या पुढे मांडून अंधश्रद्धेविरुद्धचं कीर्तन लोकप्रिय केलं, आणि त्यांच्यामागून सप्तखंजेरीवाल्यांची पिढी उभी राहिली. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, त्याच काळात, भाऊबिजेपासून होळीपर्यंत, वडशाच्या नाटक कंपन्यांचे ट्रक रोज रात्री नव्या गावात उतरतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे राज्याचं थोडं लक्ष गेलं. भजनाच्या आणि नाटकाच्या मंचावर पुष्कळदा तोच पेटीवाला, तोच तबलजी असतो.

विषयही जुने झालेले नाहीत. दारूबंदीच्या मागणीसाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर हजारो बाया पायी निघाल्या. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होतीच. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ज्या मुलखात एका गायकाने दारूविरुद्ध गाऊन आयुष्य घालवलं, तिथे हा प्रश्न प्रार्थनेच्या ओट्यावर रोज बसलेला असतो.

धोका दुसरीकडे आहे, आणि तो जुन्या भजनावल्या उघडल्या की समोर येतो. पुष्कळ भजनांच्या डोक्यावर कंसात ‘तर्ज’ असं लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे दोन-चार शब्द दिलेले असतात. म्हणजे हे भजन त्या चालीवर म्हणायचं. छापताना ते पुरेसं होतं, कारण ती चाल तेव्हा सगळ्यांना येत होती. नाटकातलं एखादं पद, मेळ्यातलं गाणं, कव्वाली, त्या काळचा सिनेमा, किंवा तुकडोजींचंच आधीचं भजन. आज त्यांतली कितीतरी मूळ गाणी कोणाच्याच कानात नाहीत. शब्द पुस्तकात सुखरूप आहेत, चाल मात्र सत्तरी-ऐंशीतल्या मोजक्या भजन्यांच्या गळ्यात आहे. ते गेले की पुस्तक राहील आणि गाणं जाईल. स्पर्धेत उतरणारी नवी मंडळं अशा भजनांना सोयीची चाल लावतात, बहुधा ताज्या सिनेमाची. त्यांना दोष देता येत नाही. ज्यांच्याकडून शिकायचं, ते समोर नाहीत.

रॉबर्ट जॉन्सनची गाणी अवघी २९. पण ती १९३६-३७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, म्हणून आज त्याच्या प्रत्येक श्वासावर पुस्तकं लिहिली जातात. आपल्याकडे हजारो रचनांचा धनी असलेल्या गायकाच्या चालींची साधी सूचीही विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. त्यांच्या विचारांवर प्रबंध होतात, परिसंवाद होतात, आणि ते व्हावेतही. पण विचार ज्यावर बसून गावात आला त्या चालीचं काय, हा प्रश्न संगीत विभागाने विचारायचा असतो. एका तालुक्यातली वीस मंडळं घ्यावीत, जुन्या भजन्यांना बसवावं, भजनावलीतलं एकेक पान उघडून चाल म्हणून घ्यावी, कोणाकडून आणि केव्हा शिकली ते नोंदवावं, स्वरलेखन करावं. याला कोटींचा निधी लागत नाही. लागतात ते दोन हिवाळे आणि चार चिकाटीची पोरं.

तोवर हे काम वाचकालाही करता येईल. दिवाळीत गावी गेलात तर प्रार्थनेच्या ओट्यावर संध्याकाळी जाऊन बसा. जो सगळ्यांत म्हातारा असेल त्याला भजनावलीतलं जुनं पान दाखवा आणि याची चाल येते का विचारा. तो गायला लागला की खिशातला फोन काढा, रेकॉर्डिंग सुरू करा, त्याचं नाव, गाव आणि तारीख त्यात बोलून ठेवा, आणि एक प्रत मंडळाकडे द्या. तुकडोजींना आपण संत केलं, त्यांचे पुतळे उभारले, सुट्टीच्या दिवशी हार घातले. त्यांच्यातला गायक जपायचं काम अजून सुरूच झालेलं नाही, आणि ते पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही, कारण तिला शिकवणारं तेव्हा कोणी उरलेलं नसेल.